धोतर सुटलं तर?

"धोतर सुटलं तर?" हा माझा पहिला प्रश्न होता. आईचं उत्तर, "मग परत नेस."

झालं असं, की गेल्या वर्षी गणपतीच्या आधी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जमिनीवर मांडी घालायला सक्त मनाई केली. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. पूजेला बाबाच बसतात, त्यामुळे यंदा पाटावर कोण, तर मी. इथपर्यंत ठीक होतं. पण वाईहून आजीचा फोन आला, "यांचं धोतर आहे ना तिकडे तुमच्याकडे? तेच नेस रे." आजोबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्या धोतरजोडीतलं एक पान आजीनं आईकडे दिलं होतं, आणि ते आमच्या कोलकात्याच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात घडी घालून ठेवलेलं होतं.

मी बाबांकडे गेलो. बाबा म्हणाले, "मला कुठे येतं? मुंजीत कुणीतरी नेसवलं होतं." मग कळलं, की इतकी वर्षं पूजेला ते जे घालतात, ते शिवलेलं, कमरेला इलॅस्टिक असलेलं धोतर आहे. मला पंचवीस वर्षं पत्ता नव्हता! म्हणजे आजोबांना येत होतं ते आमच्या घरात मध्येच कुठेतरी थांबलं होतं, आणि हातात फक्त आठ दिवस होते.

तुमच्याही घरी लग्न, मुंज किंवा पूजा तोंडावर आली असेल आणि असंच एखादं पान कपाटात असेल, तर मी त्या आठ दिवसांत जे शिकलो ते सांगतो.

आधी एक गंमत. आपण पॅन्ट घालतो, उपरणं घेतो, फेटा बांधतो, पण धोतर नेसतो. साडीही नेसतोच. घालायच्या कपड्याला स्वतःचा आकार असतो. नेसायच्या कपड्याला आकार आपण द्यायचा असतो, आणि माझ्यासारखे नवशिके नेमके इथेच फसतात. आपण धोतराकडे पॅन्टसारखं बघतो: चढवलं की काम झालं.

कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकताना स्कॉटलंडच्या किल्टबद्दल वाचलं होतं, ते तेव्हा आठवलं. आजचा किल्ट शिवलेला असतो. मागच्या बाजूला पक्क्या चुण्या, पुढे सपाट पदर. त्याला आठ वारांपर्यंत कापड लागतं, म्हणजे आजीच्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी! पण त्याचा पूर्वज हे एक लांबलचक लोकरी कापडच होतं. ते चुण्या घालून अंगाभोवती घ्यायचं आणि वर पट्टा आवळायचा. म्हणजे तेही नेसायचेच. १७४६ मध्ये इंग्रजांनी कायदा करून डोंगराळ भागातल्या पुरुषांना हा पोशाख करायला बंदी घातली, आणि ती १७८२ मध्ये उठली. मधे छत्तीस वर्षं गेली, एक अख्खी पिढी. आमच्याकडे तर कुणी बंदीही घातली नव्हती.

किल्टवाल्यांची एक सूचना मात्र धोतराला जशीच्या तशी लागू पडते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. कंबर शोधा. जीन्स घालून घालून आपल्याला वाटतं, की कंबर म्हणजे जिथे बेल्ट असतो ती जागा. ती कंबर नव्हे. खरी कंबर वर असते, बेंबीच्या आसपास. किल्टही तिथेच बसतो आणि धोतरही. खाली बांधलं तर पोट त्याला ढकलत राहतं आणि तासाभरात ते घसरतं. माझं पहिल्या दिवशी तीन वेळा घसरलं. तिसऱ्यांदा मी नेमका गॅस सिलिंडरवाल्याला दार उघडायला गेलो होतो. तो बिचारा छताकडे बघत उभा राहिला.

त्या प्रसंगानंतर मी खालच्या मजल्यावरच्या ज्येठूंकडे गेलो. बंगालीत वडिलांच्या मोठ्या भावाला ज्येठू म्हणतात, आणि आमच्या इमारतीत सगळीच मुलं त्यांना तसं म्हणतात. ते अजून रोज धुती नेसतात. कोलकात्यात त्यांच्या वयाच्या माणसांना त्यात काही विशेष वाटत नाही. ज्योती बसू आणि बुद्धदेव भट्टाचार्य हे दोन्ही मुख्यमंत्री धुती-पंजाबीतच वावरले. ज्येठूंनी मला उभं केलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाय जुळवून का उभा आहेस? फोटो काढायचा आहे का?" पाय खांद्याइतके लांब ठेवून नेसायचं, हे मला कुठल्याही व्हिडिओत सापडलं नव्हतं. पाय जुळवून मागे खोचलं की उभं असेपर्यंत सगळं छान दिसतं, आणि मांडी घालायला गेलं की मागचं खोचलेलं निघून येतं.

पण ज्येठूंची पद्धत बंगाली. पुढच्या निऱ्यांचा लांब कोंचा पावलांपर्यंत सोडायचा, चालताना त्याचं टोक हातात धरायचं किंवा पंजाबीच्या खिशात टाकायचं. त्यांच्या तरुणपणी तर कोंचाला चुनोट करून, म्हणजे बारीक चुण्या पाडून, बाहेर पडायचे म्हणे. देखणा प्रकार आहे, पण आजी म्हणाली, "हे काही आपलं नव्हे. फोन लाव, मी सांगते."

मला वाटलं, आजीला काय माहीत? पण आजी सणासुदीला नऊवारी नेसते, आणि नऊवारीलाही कासोटा असतोच! व्हिडिओ कॉलवर तिनं सांगितलं आणि मी केलं. कापड पाठीमागून कमरेला घ्यायचं, दोन्ही टोकं पुढे आणायची. बेंबीजवळ दोन्हीकडचे वरचे काठ ओढून घट्ट गाठ मारायची. मग एका टोकाच्या निऱ्या करून त्या पायांमधून मागे न्यायच्या आणि पाठीच्या मधोमध खोल खोचायच्या, तो कासोटा. दुसऱ्या टोकाच्या निऱ्या पुढे खोचायच्या. खाली लोंबतो तो सोगा. तो पायात येत असेल तर त्याचं टोक उचलून वर खोचायचं. ज्येठू ज्याला काछा म्हणतात त्याला आजी काष्टा म्हणते. कानाला तर सख्खेच वाटले.

गाठीबद्दल एक जपायचं. गाठ मारताना पोट आत ओढायचं नाही. मी ओढलं होतं. जेवल्यावर काय झालं असेल, त्याची कल्पना करा. गाठ पोट सैल सोडून, पण कापड ताणून मारायची. वरून करदोडा बांधला तरी चालतो, आणि अगदीच धास्ती असेल तर मागे कासोट्याला एक सेफ्टी पिन लावा. आजीच म्हणाली, "नऊवारीत नाचायच्या मुली पिना लावतात, मग तुला कसली लाज?" आत शॉर्ट्स घालाच. किल्टच्या आत काय घालतात, हा जगभर चेष्टेचा विषय आहे. आपल्याकडे तो होऊ देऊ नका.

कापडाचं म्हणाल तर नवशिक्यानं सुती घ्यावं. रेशमी आणि पॉलिस्टर दोन्ही सरकतात. नवीन सुती धोतराला खळ असते, त्यामुळे ते फुगतं. एकदोनदा धुतलं की बसतं. आजोबांचं तर धुऊन धुऊन इतकं मऊ झालं होतं, की गाठ मारली की मारली. इथे गरियाहाटला गेलात तर तयार धुतीही मिळते, कोंचासकट शिवलेली. ऐनवेळी ती घालायला माझी काही हरकत नाही. बाबांनी इतकी वर्षं भक्तिभावानंच पूजा केली आहे.

सराव मात्र खरा करा. आरशासमोर नाही, घरात. नेसून जेवा, खाली बसा, उठा, जिना चढा. जिना चढताना पुढच्या निऱ्या एका हातानं जरा उचलायच्या, अगदी साडीसारख्या. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर सोगा वर खोचल्याशिवाय पाऊल ठेवू नका, तिथे गंमत नाही. बाथरूमचा सरावही घरीच करून घ्या, याहून जास्त कुटुंबाच्या मासिकात लिहीत नाही. चौथ्या दिवशी मी नेसून खाली दूध आणायला गेलो. लोक बघतील असं वाटलं होतं. एका कुत्र्याशिवाय कुणी बघितलं नाही.

अर्थात सगळीकडे असं नसतं. २०१४ मध्ये चेन्नईत उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी नेसले म्हणून एका क्लबात प्रवेश नाकारला गेला, आणि तमिळनाडू सरकारनं त्याच वर्षी अशा अडवणुकीविरुद्ध कायदा केला. कोलकात्यातही २०१७ मध्ये धोतर नेसलेल्या एका माणसाला मॉलच्या दारात अडवल्याची बातमी गाजली होती. याच शहरात १८७४ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांना एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत देशी चपला काढायला सांगितलं होतं. तेव्हा बाहेर नेसून जाणार असाल तर जरा ताठ मानेनं जा. धोतर कितीही नीट नेसलेलं असो, चाचपडणारा माणूस लगेच ओळखू येतो.

चतुर्थीला सकाळी सहाला उठून मी एकट्यानं नेसलो. दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा जमलं. बाबा खुर्चीवर बसून पोथीतून सांगत होते, मी पाटावर. सोळा उपचार, दोन आरत्या, मंत्रपुष्पांजली, आणि गाठ जागची हलली नाही. आरतीला ज्येठू आले होते. त्यांनी माझा सोगा पाहिला आणि काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

मग आईनं आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजीनं गणपतीला नमस्कार केला, मोदक किती झाले ते विचारलं आणि मला म्हणाली, "मागे वळ बघू."

मी वळलो. बराच वेळ फोनमधून काही आवाज आला नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"डावीकडचा काठ वर गेलाय," आजी म्हणाली. "यांचाही जायचा."