बेसमेंटमधला समुद्र

मंडळी, गेल्या अंकात स्नो-ब्लोअरच्या कार्बुरेटरबद्दल लिहिलं, तर दोघातिघांनी फोन करून सांगितलं, "अहो, आम्ही ड्राइव्हवे साफ करायला माणूस लावतो. तुमचा लेख वाचून आम्ही करायचं काय?" तक्रार रास्त आहे. या वेळचा विषय तर त्याहूनही निरुपयोगी आहे, तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो. आमच्या बेसमेंटमध्ये गेल्या ऑक्टोबरपासून समुद्र आहे. सेकंडहँड.

नेपरव्हिलहून कुठल्याही दिशेला गाडी हाकली तरी खारं पाणी शेकडो मैल दिसत नाही. गावात ड्यूपेज नदी आहे, रिव्हरवॉक आहे, तासाभरावर लेक मिशिगन आहे. पण गिरगावात वाढलेल्या माणसाला लाटा असून खारा वास नसलेलं ते पाणी आळणी आमटीसारखं वाटतं. लहानपणी आमचे बाबा महिन्यातून एखाद्या रविवारी आम्हा भावंडांना चर्नी रोडजवळच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. मरीन ड्राइव्हवरची ती इमारत १९५१ साली उघडली, उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं होतं. आम्हाला हे काही ठाऊक नव्हतं. आत अंधार असतो, काचेला नाक लावायचं आणि बाहेर आल्यावर शेंगदाणे मिळतात, एवढंच ठाऊक.

२००३ साली एम. एस. करायला इलिनॉयमध्ये आलो, तेव्हा मित्रांबरोबर पहिल्यांदा शिकागोचं शेड अ‍ॅक्वेरियम पाहिलं. तिथली एक गोष्ट कळली आणि माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. १९३० साली हे मत्स्यालय उघडलं, तेव्हा खाऱ्या पाण्याच्या टाक्यांसाठी थेट फ्लोरिडातल्या की वेस्टहून रेल्वेने समुद्र आणला होता. २० टँकर डबे, आठ फेऱ्या, १० लाख गॅलन पाणी! आज एवढी यातायात लागत नाही. मीठ पिशवीतून येतं. म्हणजे आपलं टाटाचं नव्हे. त्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे समुद्रातल्या प्रमाणात घातलेलं असतं. गॅलनला साधारण अर्धा कप टाकायचं, ढवळायचं, झाला समुद्र. असं पिशवीवर लिहिलेलं असतं.

टाकी घ्यायची हे सौ.ला पटवायला दोन वर्षं लागली. शेवटी कन्येने "माझ्या सायन्स प्रोजेक्टला उपयोगी पडेल" असं खोटं सांगितलं आणि परवानगी मिळाली. नवी टाकी, स्टँड, दिवे, पंप सगळं धरून हिशेब केला, तर तेवढ्यात भारताची दोन तिकिटं आली असती. म्हणून सेकंडहँड. व्हीटनमधल्या एका सत्तरीच्या गृहस्थांची जाहिरात मिळाली: ७५ गॅलनची टाकी, खालची दुसरी छोटी टाकी म्हणजे सम्प, पंप, हीटर, दिवे, दगड आणि दोन क्लाउनफिश. सगळे मिळून २५० डॉलर.

मी गेलो, खाली वाकून सिलिकॉनचे सांधे पाहिले, पंपाचा आवाज ऐकला आणि आपल्या रक्तातली घासाघीस सुरू केली. "मासे नको असतील तर किती कमी कराल?" गृहस्थ म्हणाले, "मासे नको असतील तर टाकीही नको." ते अ‍ॅरिझोनात मुलाकडे कायमचे जाणार होते. मासे त्यांच्या दिवंगत पत्नीने पाळलेले, अकरा वर्षांचे. टाकी रिकामी करून विकायची तर केव्हाच विकली असती, असं ते म्हणाले. मी ओशाळलो. २५० दिले, आणि येताना गाडीत जाणवलं की आपण टाकी विकत घेतलेली नाही, दोन वयस्कर पेइंग गेस्ट पत्करले आहेत.

इथे नवशिक्याची पंचाईत सांगायला हवी. नव्या टाकीत पाणी आणि दगड घालून चार-सहा आठवडे मासे न सोडता थांबतात. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून अमोनिया निघतो. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि ते बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. हे बॅक्टेरिया वाढायला वेळ लागतो. माझ्याकडे मासे पहिल्या दिवशीच येणार होते, म्हणजे थांबायची सोय नव्हती. चालू टाकी जशीच्या तशी उचलून आणणं भाग होतं.

शनिवारी सकाळी मंडळातले दोन मित्र मिनीव्हॅन घेऊन आले. (गणपतीचा मखर उचलायला हेच दोघे असतात, त्यामुळे सराव होता.) वजनाचं गणित मी आधी केलं होतं. खाऱ्या पाण्याचा गॅलन साडेआठ पौंडांचा, म्हणजे नुसतं पाणीच ६४० पौंड. त्यात काच, दगड, स्टँड धरले की हजाराच्या आसपास. फॅमिली रूमच्या लाकडी जॉइस्टवर हे ठेवायची हिंमत नव्हती, म्हणून बेसमेंटचं काँक्रीट. पाच गॅलनच्या झाकणवाल्या बादल्यांत टाकीतलं निम्मं जुनं पाणी जपून भरलं. मासे वेगळ्या बादलीत, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावून. तळाची वाळू उपसली तर खालून काळी निघाली, सडक्या अंड्याचा वास सुटला. तो हायड्रोजन सल्फाइड. वाळू तिथेच फेकली, आणि त्या दिवशीचा माझा हा एक निर्णय तरी बरोबर होता. शेवटची दगडांची बादली गाडीत मावेना, ती नंतर नेतो म्हणून त्यांच्याकडेच ठेवली.

घरी आल्यावर टाकी व्हिनेगर लावून घासली. काचेवरचे पांढरे क्षार त्याने छान निघतात. आणि मग दगड पाहिले: शेवाळलेले, चिकट, त्यांच्यावर कसली कसली भोकं आणि किडे. मी मेकॅनिकल इंजिनिअर. जुना पार्ट आणला की बसवण्यापूर्वी स्वच्छ करायचा, हे हाडीमाशी भिनलेलं. नळाची नळी लावली, ब्रश घेतला, आणि गराजमध्ये बसून एकेक दगड लख्ख केला. दीड तास लागला. सौ.ला बोलावून दाखवलासुद्धा.

सोमवारी संध्याकाळी दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवत होते. परीक्षानळीत थेंब टाकले. पिवळं राहिलं तर अमोनिया शून्य; आमचं पोपटी झालं. तक्त्याशी ताडून पाहिलं तर एक पीपीएमच्या आसपास. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो, आणि पीएच जितका चढा तितका त्याच अमोनियाचा विषारी भाग जास्त. गोड्या पाण्यात कदाचित निभावलं असतं, इथे नाही.

कुठे चुकलं ते मला कळेना. पाणी जपून आणलं होतं, मीठ मोजून घातलं होतं, रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दाखवत होतं. आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. ती पायऱ्यांवर बसून हे सगळं बघत होती. तिला जमेल तसं समजावून सांगितलं: अमुक बॅक्टेरिया असतात, ते दगडांच्या भोकांत राहतात, ते घाण खातात.

"आणि ते दगड तू धुतलेस?"

"हो."

"ब्रशने?"

"हो, आई."

"अरे, विरजणाचं भांडं असं घासून ठेवायचं आणि मग दही का लागत नाही म्हणून रडायचं!"

तिथल्या तिथे सगळा उलगडा झाला. हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: दगडावर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजात. मी जे जपून आणलं त्यात काही नव्हतं, आणि ज्यात सगळं होतं ते नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याने, वर ब्रशने, साफ मारून टाकलं होतं. दगडांच्या आतले जीव मेले आणि तेच सडून आणखी अमोनिया देऊ लागले. एका बाईंनी अकरा वर्षं लावलेलं दही मी दीड तासात ओतून दिलं होतं.

रात्रीच १५ गॅलन पाणी बदललं. मंगळवारी सकाळी लाजत लाजत त्या गृहस्थांना फोन केला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुमची बादली आहे ना इथे." गाडीत न मावलेले ते पाच दगड! त्यांनी ते खाऱ्या पाण्यात, हवेची नळी सोडून, लाँड्री रूममध्ये ठेवले होते. संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर व्हीटनला गेलो. बादली पॅसेंजर सीटवर ठेवून तिला सीटबेल्ट लावला. दगड तसेच, न धुता, सम्पमध्ये ठेवले. दुकानातून बॅक्टेरियाची बाटली आणली, रोज पाणी बदलत राहिलो.

गुरुवारी सकाळी लहान मासा तळाशी पडलेला दिसला.

लहान म्हणजे नर. क्लाउनफिशमध्ये सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला जो वरचढ, तो मोठा होऊन मादी होतो. म्हणजे आता टाकीत उरली ती म्हातारी. ती दिवसभर एका कोपऱ्यात उभी होती, खायला घातलेलं वाहून जात होतं. कन्या शाळेतून आल्यावर काही बोलली नाही. कागदी रुमालात गुंडाळून तिनेच तो परसात पुरला. नवव्या दिवशी अमोनिया शून्यावर आला. नंतर नायट्राइट चढलं, पण खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड माशांना त्यापासून बरंच वाचवतं, त्यामुळे ते दिवस निभावले. अकराव्या दिवशी म्हातारीने पहिला घास घेतला.

गृहस्थांना मी तीन आठवडे काही कळवलं नाही. त्यांचा अ‍ॅरिझोनाहून फोन यायचा, मी "पाणी सुधारतंय" वगैरे सांगायचो. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. शेवटी सौ. म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?" सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "ती खाते का?" खाते म्हटलं. "काय खाते?" गोठवलेले श्रिंप, म्हटलं. "लसूण चोळून द्या, तिला आवडतो. माझ्या बायकोची सवय." आणि फोन ठेवला. आईला हे सांगितल्यावर तिने लगेच लसूण सोलायला घेतला. तोवर ‘एवढुशा माशाचं कालवण तरी होईल का’ असं म्हणणारी बाई!

आता ज्यांना हा उद्योग करायचा आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. सेकंडहँड टाकीच्या मालकाला पहिला प्रश्न विचारा: या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? माशांच्या रोगावर ते देतात, पण तांबं दगडांत मुरतं आणि पुढे शंख, खेकडे, पोवळी काही जगू देत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर दगड घेऊ नका. टाकी आणल्यावर गराजमध्ये साध्या पाण्याने भरून दोन दिवस ठेवा. गळायची असेल तर तिथे गळू दे. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी लावा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. आणि प्लग जीएफसीआयचाच हवा, यात चालढकल नको.

पाण्याबद्दल मीही उशिरा शिकलो. नेपरव्हिलला १९९२ पासून लेक मिशिगनचं पाणी येतं, शिकागोत शुद्ध होऊन. शिकागोच्या जुन्या शिशाच्या नळांतून शिसं उतरू नये म्हणून त्यात फॉस्फेट घालतात. पिणाऱ्याला त्याचा त्रास नाही, पण शेवाळाला ते खत. डिसेंबरात आमची टाकी हिरव्या केसांनी भरली, तेव्हा आर. ओ. बसवलं. भारतात हल्ली स्वयंपाकघराच्या भिंतीवर असतं तेच, पुढे डीआयनायझेशनची एक नळी जास्त. पहिल्या दिवसापासून बसवायला हवं होतं. हिवाळ्यात फर्नेस सुरू झाला की हवा कोरडी पडते आणि दिवसाला गॅलनभर पाणी उडतं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. आमच्या शेजाऱ्यांनी आम्ही भारतात गेलो असताना प्रेमाने खारं पाणी घातलं होतं. चूक त्यांची नाही, मी चिठ्ठीत नुसतं ‘पाणी घालावे’ लिहिलं होतं.

आणखी एक. दोघांनी विचारलं, "मालवणहून येताना पोवळ्याचे दगड आणू का?" कृपा करून आणू नका. आपल्याकडे पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मुंबईच्या विमानतळावर चकली-चिवड्याइतक्या सहज ते सुटणार नाहीत.

फेब्रुवारीत म्हातारीसाठी नवा जोडीदार आणला, पैदास केंद्रात वाढलेला, अंगठ्याच्या पेराएवढा. म्हातारीने पहिले तीन दिवस त्याला सगळ्या टाकीभर पिटाळलं. तो आडवा होऊन थरथरायचा; ही त्यांची शरणागतीची रीत आहे म्हणे. चौथ्या रात्री दोघे एकाच दगडाखाली झोपलेले दिसले. गृहस्थांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "तो फार बारीक आहे. त्याला वेगळं खायला घाला, ती त्याचं पळवेल." खरंच पळवत होती.

आई मार्चमध्ये परत गेली. दर रविवारी फोनवर सगळ्यांची चौकशी करून झाली की शेवटी विचारते, "आणि दगड धुतले नाहीस ना रे पुन्हा?"