पिंजरा कोणी धुवायचा?

जालन्यात आता काही घरांतून हॅम्स्टर पाळू लागले आहेत. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगते. मुठीत मावेल एवढा, आखूड शेपटीचा, गुबगुबीत गालांचा असा हा उंदराच्या नात्यातला विलायती प्राणी. कुणी पुण्याहून आणतो, कुणी छत्रपती संभाजीनगरहून. वाढदिवसाची भेट म्हणून तो घरात येतो, आठ-पंधरा दिवस त्याचे फोटो निघतात, आल्यागेल्याला तो चाकावर कसा धावतो हे दाखवले जाते. घरातल्या आजीला मात्र कोडे पडते. ज्याला धरण्यासाठी आपण जन्मभर पिंजरे लावले, त्यालाच ही मुले पिंजऱ्यात बसवून सूर्यफुलाच्या बिया का चारतात?

आजीचे कोडे बाजूला ठेवू. माझा प्रश्न साधा आहे. सोळाव्या दिवसापासून त्या पिंजऱ्यातली घाण कोण काढते?

मी पाहिलेल्या घरांपुरते सांगायचे तर, ज्याच्या हौसेखातर प्राणी आला तो काढत नाही. बहुधा आई काढते. घरात मुलगा आणि मुलगी असतील तर हॅम्स्टर दादाचा असतो आणि पिंजरा ताईचा. आई नोकरीवर जात असेल तर कामाला येणाऱ्या मावशी काढतात. मावशींशी धुणे, भांडी आणि फरशी एवढेच ठरलेले असते. पिंजऱ्याचा त्यात उल्लेख नसतो. पण ‘मावशी, जाता जाता तेवढं बघा’ या एका वाक्यात तो कसा अलगद बसतो! पगार वाढत नाही, काम वाढते. आणि हौस असणारा मुलगा अभ्यासाच्या खोलीतून ओरडतो, ‘अहो, वास येतोय!’

हे काम खरे म्हणजे फार मोठे नाही, म्हणून तर त्याची टाळाटाळ अधिक खुपते. हॅम्स्टर स्वतः टापटिपीचा प्राणी आहे. तो बहुधा एकच कोपरा ठरवून तेथे लघवी करतो. त्या कोपऱ्यातला ओला भुसा रोज काढला, न खाल्लेली काकडी किंवा कोथिंबीर उचलली, पाण्याची बाटली धुऊन भरली की पाच-सात मिनिटांत काम झाले. काही आठवड्यांनी एकदा सगळा पिंजरा रिकामा करून साबणाच्या पाण्याने धुवावा, खळखळून काढावा आणि उन्हात कडकडीत वाळवावा. ऊन ही आपल्या जिल्ह्यात तरी फुकट आणि मुबलक मिळणारी गोष्ट आहे. फिनेल मात्र वापरू नये. आपल्याला स्वच्छतेचा वाटणारा तो उग्र वास त्या इवल्या जिवाला बाधतो. लघवीतून सुटणारा अमोनियाही त्याला आपल्याआधी बाधतो, कारण त्याचे नाक चोवीस तास जमिनीलगत असते. आपल्याला दारातून वास येईपर्यंत त्याने तो कितीतरी दिवस हुंगलेला असतो.

पण रोज हात घालणाऱ्यालाच काही गोष्टी कळतात, आणि माझा मुद्दा येथेच आहे. हॅम्स्टर दाणे गालांतल्या पिशव्यांत भरतो आणि एका जागी नेऊन साठवतो. घाईने सफाई करणारी व्यक्ती तो साठा कचरा समजून फेकून देते. आपल्या शेतातला उंदीरही बिळात कणसे साठवतो, हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायला नको. कोठार लुटले गेले की हा प्राणी बावरतो. म्हणून ओले, सडलेले तेवढे काढावे आणि कोरडे दाणे थोडे तरी राहू द्यावेत. सगळा भुसाही एकदम बदलू नये, जुन्यातला स्वच्छ कोरडा मूठभर परत टाकावा, म्हणजे त्याला आपल्या घराचा वास सापडतो. दिवसा तो झोपलेला असतो, तेव्हा त्याला उठवून सफाई करू नये, तिन्हीसांजेला करावी. मावशी तर सकाळी दहाला येतात! म्हणजे दुसऱ्यावर ढकललेल्या सफाईची वेळसुद्धा प्राण्याच्या सोयीची नसते.

आपल्याकडचे दोन खास धोके सांगायला हवेत. कापूस हे आपल्या भागाचे पीक, घरात तो हाताशी असतो, म्हणून मायेने कुणी पिंजऱ्यात कापसाची गादी घालतो. त्याचे धागे या प्राण्याच्या पायांना आवळतात, गालांत आणि पोटात अडकतात. त्याऐवजी साध्या कागदाचे कपटे बरे. दुसरी मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहेच, पण आंबट फळ हॅम्स्टरला देऊ नये. पिंजरा रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येते की फोड तशीच पडून आहे, किंवा खाल्ली आहे आणि पोट बिघडले आहे. आठवड्याने पाहणाऱ्याला फक्त बुरशी दिसते.

या प्राण्याचे मूळही जाणून घेण्यासारखे आहे. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी सीरियातल्या अलेप्पो शहराजवळ एका शेतात खोल खणून सोनेरी हॅम्स्टरची एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली. विद्यापीठातले परोपजीवीशास्त्रज्ञ सॉल ॲडलर यांना काळ्या आजाराच्या जातीच्या रोगांवरील संशोधनासाठी असा प्राणी हवा होता. घाबरलेल्या मादीने एका पिल्लाला मारले. पुढे काही पिल्ले लाकडी तळाचा पिंजरा कुरतडून पळून गेली. उरलेल्या मोजक्या पिल्लांपासून वंश वाढला आणि आज जगभर घराघरांत असलेले बहुतेक सोनेरी हॅम्स्टर त्यांचेच वंशज आहेत. प्रयोगशाळेतून ते दिवाणखान्यात आले. पिंजरा अर्थातच सोबत आला.

कोणी म्हणेल, इतका विचार कशाला? द्या सोडून शेतात, होऊ दे मुक्त! वास येऊ लागला की काही जण हेच करतात आणि वर पुण्य केल्यासारखे सांगतात. पोपटाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेला ‘मिठू मिठू’ करणारा पोपट हा येथल्याच झाडांवरचा पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. हॅम्स्टर या मातीतला नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला हा जीव मांजर, घार आणि मे महिन्यातला आपला चाळीस अंशांच्या वरचा उन्हाळा यांच्यापुढे टिकणार नाही. त्याला सोडणे म्हणजे मारणेच, फक्त आपल्या डोळ्यांआड. एकदा घरात आणल्यावर तो जगेल तोवर, म्हणजे दोन-तीन वर्षे, पिंजरा धुणे आलेच. पदवीच्या अभ्यासक्रमाइतकाच हा काळ. तोही आपण सगळे नियमितपणे पुरा करतोच असे नाही, ही गोष्ट निराळी.

आता मूळ मुद्दा. पिंजऱ्याचे काम दुसऱ्याकडे जाते ते वेळ नाही म्हणून नव्हे. ज्याला दोन तास मोबाईल पाहायला मिळतात त्याला सात मिनिटे मिळत नाहीत, हे मला पटत नाही. ते जाते ते घाणीला हात लावणे हे आपले काम नव्हे, अशी समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे म्हणून. या देशात घाण काढणारी माणसे जन्माने ठरवून ठेवली गेली. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली पुन्हा करावा लागला. कायद्याने कागदावर जे संपले ते घरात लहान रूपात चालूच असते. पिंजऱ्यातला भुसा ही किरकोळ बाब आहे, हे मला मान्य आहे. पण सातवीतल्या मुलाला जेव्हा कळते की प्राण्याशी खेळणारा मी आणि त्याची घाण काढणाऱ्या मावशी, तेव्हा तो किरकोळ गोष्ट शिकत नाही.

आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवस आम्ही गावातले रस्ते झाडतो. गाडगेबाबांच्या नावाचा जयघोष होतो, खराटा हातात धरून छायाचित्रे निघतात. शिबिर चांगलेच असते, त्याची टिंगल मी करणार नाही. मात्र परक्या गावचा रस्ता झाडणे सोपे, कारण तेथे पाहणारे असतात. घरातला कोपरा कुणी पाहत नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला साफ करण्याचे काम स्वतःहून मागितले. ते उच्चवर्णीय म्हणून त्यांना ते नाकारण्यात आले, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केले. घाण काढण्याचा हक्क मिळावा म्हणून उपास! आमच्या पिढीला हे विनोदी वाटेल.

काही प्राध्यापक म्हणतील की मावशींना या कामाचे पैसे दिले तर प्रश्न मिटला. मोबदला द्यायलाच हवा, आणि तो वेगळा ठरवून द्यायला हवा. परंतु त्याने मावशींचा प्रश्न सुटेल, पाळणाऱ्याचा सुटणार नाही. ज्याने कधी भुसा बदलला नाही त्याला आपला प्राणी आजारी आहे हे कळणार कसे? विष्ठा पातळ झाली, पाणी कमी प्यायला, साठा वाढला नाही, या गोष्टी चाकावरच्या धावण्यात दिसत नाहीत. त्या कोपऱ्यातल्या ओल्या भुशात दिसतात.

पाण्याची सबबही मी ऐकली आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या शहरात ती पटकन खरी वाटते. पण रोजच्या सफाईला पाणी जवळजवळ लागतच नाही, आणि पूर्ण धुण्याला अर्धी बादली पुरते. तेच पाणी नंतर नाल्याऐवजी झाडाला जाऊ शकते.

तेव्हा ज्या मित्रमैत्रिणींच्या मनात हॅम्स्टर घ्यायचे आहे, त्यांना माझी एक सूचना आहे. दुकानात जाण्यापूर्वी एखाद्या परिचिताच्या घरचा पिंजरा महिनाभर रोज संध्याकाळी स्वतः साफ करून पाहावा. सुरुवात मार्चमध्ये करावी. परीक्षा तोंडावर असते, ऊन तापू लागलेले असते आणि नळाचा वार कोणता हे आईला विचारावे लागते.