पक्ष्यांसारखी उंदरांचीही नोंद ठेवा

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली



विमानात उंदीर निघाला की ती बातमी वर्तमानपत्रात गमतीच्या चौकटीत येते. सप्टेंबर २०२५ मध्ये कानपूरहून दिल्लीला निघालेल्या इंडिगोच्या विमानात उंदीर दिसला, प्रवाशांना उतरवलं, तीन तास गेले. एप्रिल २०२२ मध्ये श्रीनगरला तसंच घडलं. ३० डिसेंबर २०१५ ला मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान इराणवरून माघारी फिरलं, कारण प्रवाशांनी उंदीर पाहिल्याचं सांगितलं होतं. माझा जन्म विमानांच्या देखभालीत गेला. या बातम्या वाचून मला हसू आलं नाही. विमान परत आणणाऱ्या वैमानिकांना मी मनोमन नमस्कार केला.

उंदीर केवळ भुकेपोटी कुरतडत नाही. त्याचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला सतत काहीतरी लागतं. बोईंग ७४७ सारख्या विमानात अडीचशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या तारा असतात, बहुतेक छताच्या आणि जमिनीच्या पॅनेलांआड. वजन वाचवायचं म्हणून त्यांचं आवरण पातळ ठेवलेलं. ते खरवडलं गेलं तरी त्या दिवशी काहीच होत नाही. दिवे लागतात, चाचण्या पार पडतात. मग केव्हातरी दमट हवेत, विमानाच्या थरथरीत उघडं तांबं धातूला टेकतं. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअरचं १११ क्रमांकाचं विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, २२९ माणसं गेली. छतामागच्या तारांमध्ये ठिणगी पडून आग लागली होती. त्यात उंदराचा काही संबंध नव्हता. पण उघडी पडलेली तार काय करू शकते, ते त्या चौकशीने जगाला दाखवलं.

म्हणून धुरी देऊन मेलेला उंदीर सापडला म्हणजे काम संपत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्तुगालच्या टॅप कंपनीच्या विमानात मालाच्या कप्प्यात १३२ हॅमस्टर पिंजऱ्यांतून सुटले, तेव्हा ते शोधण्यासाठी विमान काही दिवस अझोर्स बेटांवर उभं राहिलं. तिथे निदान आकडा माहीत होता. उंदराच्या बाबतीत एक दिसला म्हणजे एकच होता, हे कोण सांगणार?

एक आठवण सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. रात्रीच्या पाळीला साफसफाई करणाऱ्या एका मुलाला विमानाच्या स्वयंपाककोपऱ्यात ट्रॉलीमागे लेंड्या दिसल्या. त्याने मुकादमाला सांगितलं. "पुसून टाक आणि गप बस, सकाळचं उड्डाण आहे," असं उत्तर मिळालं. तो कंत्राटी कामगार, पोटाचा प्रश्न. तरी जाता जाता हळूच माझ्याजवळ येऊन बोलला. आम्ही खालचं पॅनेल उघडलं. तारांच्या जुडग्यातल्या दोन तारांचं आवरण दातांनी सोललेलं होतं. उड्डाण रद्द झालं, मी सही केली नाही. त्या मुलाला मात्र पुढच्या महिन्यात कामावर घेतलं नाही. त्याची बाजू घेऊन मी मोठ्याने बोललो नाही, याची बोच आजही आहे.

उंदीर आत शिरतो तो केटरिंगच्या गाडीतून, ट्रॉलीतून, मालाच्या खोक्यांतून, जमिनीवरून विमानाला जोडलेल्या केबलवरून. म्हणजे त्याची चाहूल सगळ्यात आधी लागते ती लोडरला, सफाईवाल्याला, जेवण चढवणाऱ्याला. ज्यांच्या शब्दाला वजन नाही, तेच इथले पहिले पहारेकरी आहेत.

आणि प्राणी लहान म्हणून धोका लहान, असं कुणी समजू नये. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकच्या पोर्तो प्लाताहून उडालेलं बिर्गेनएअरचं बोईंग ७५७ समुद्रात पडलं. १८९ जण होते, कुणी वाचलं नाही. वेग मोजणारी नळी बंद झाली होती, बहुधा आपल्याकडे भिंतीवर मातीचं घर बांधते तशा कुंभारीण माशीच्या घरट्यामुळे. विमान उभं असताना नळीवर झाकण घातलं नव्हतं.

पक्षी विमानाला धडकला की तो आपल्या कार्यालयाला कळवावाच लागतो. त्यातून विमानतळागणिक चित्र उभं राहतं आणि उपाय सुचतात. उंदराचं तसं चित्र लोकांसमोर नाही. प्रवाशाने मोबाइलवर टिपलं तर बातमी, नाहीतर 'तांत्रिक कारण'. खरं तर पक्षी आणि उंदीर हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. मुंबईच्या धावपट्टीखालून मिठी नदी वाहते, पावसाळ्यात बिळांत पाणी भरलं की उंदीर-घुशी कोरड्या जागेकडे धावतात, आणि त्यांच्यामागे घारी आणि घुबडं येतात.

माझं मागणं असं आहे. विमानात उंदीर, त्याच्या लेंड्या किंवा कुरतडल्याची खूण दिसली, की पक्ष्यासारखीच त्याची सक्तीने नोंद व्हावी आणि विमानतळवार आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत. उंदीर सापडो न सापडो, तारांची तपासणी होऊन परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याशिवाय विमान उडू नये. आणि कळवणाऱ्या कंत्राटी कामगाराची नोकरी जाणार नाही, असं लेखी संरक्षण आपल्या नियमात यावं. पहिल्या दोन गोष्टींना वेळ लागेल. तिसरीसाठी एक परिपत्रक पुरे आहे. ते या पावसाळ्याआधी काढावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, मुंबई