मज्जेची प्रतिमा आणि आपली घाई

सूप मांडीवर घेऊन वर्षानुवर्षे विड्या वळलेली साठीची स्त्री पाठ धरून आली, की आम्ही सिन्नरचे वैद्य अस्थिक्षयाचे निदान करतो. लाक्षादि गुग्गुळ, प्रवाळपिष्टी, क्षीरबस्ती योजतो. वेदना उतरते आणि हाड सुधारले असे आपण मानून चालतो. आमचा आक्षेप या शेवटच्या पायरीला आहे.

डेक्सा तपासणी हाडातील खनिजाची घनता सांगते. टी-स्कोअर उणे २.५ वा त्याखाली असल्यास अस्थिसौषिर्य, हा जागतिक आरोग्य संघटनेचा १९९४ चा निकष सर्वपरिचित आहे. परंतु गोंदेश्वराचे दगड ढिगाने टाकले तर वजन तेवढेच भरेल, देऊळ उभे राहणार नाही. हाडाच्या आतील जाळी किती बारीक झाली, तिचे दुवे कोठे तुटले, हे एमआरआयने क्ष-किरणांविना पाहता येते. नेहमीच्या प्रतिमेत कठीण हाड काळेच दिसते, कारण त्यातील पाण्याचा संकेत क्षणार्धात विरतो. तो टिपणाऱ्या नव्या पद्धतींनी वयाबरोबर छिद्रांत वाढणारे पाणीही मोजता येते. अर्थात हे अद्याप मुख्यतः संशोधनापुरते आहे.

एमआरआय मज्जेतील मेदही मोजते, आणि येथे आपली घाई होते. अष्टांगहृदयात मज्जाक्षयाचे लक्षण म्हणून अस्थिसौषिर्य सांगितले आहे. तेव्हा यंत्राने शास्त्र सिद्ध केले, असे म्हणण्याचा मोह होतो. वस्तुतः वार्धक्यात मज्जेतील मेद घटत नाही, वाढतो. हाड विरळ झाले असता बहुधा अधिकच. सुश्रुताने स्थूल अस्थींतील मज्जा आणि इतर अस्थींतील सरक्त मेद असा भेद केला आहे. मणक्यांतील तांबड्या मज्जेचा विचार तेथून सुरू व्हावा. तोवर हा पुरावा आपल्या बाजूचा म्हणून मांडणे आम्हास प्रामाणिक वाटत नाही.

व्यवहारात मात्र एमआरआयचा एक उपयोग आजच आहे. किरकोळ श्रमाने पाठ अकस्मात धरली, तर दबलेला मणका नवा की जुना, हे मज्जेतील शोथावरून कळते. अर्बुद वा जंतुसंसर्गही लक्षात येतो. अशा रुग्णास मर्दन न करता आधी तपासणीस नाशिकला धाडावे.

औषधालयचालकांसही एक विनंती. प्रवाळ, शंख, शुक्ती यांत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते; ग्राहक कॅल्शियमच्या गोळ्या आधीच घेत आहे काय, हे विचारल्याविना पुडी बांधू नये.

वैद्यबंधूंनी चिकित्सेच्या आरंभी आणि वर्षानंतर, शक्यतो त्याच यंत्रावर, डेक्सा करवून आकडे नोंदवावेत. ते प्रतिकूल आले तरी या अंकांतून छापावेत, असा आमचा आग्रह आहे.