‘माझा आवडता प्राणी’ लिहून घेण्याआधी…



तिसरी-चौथीच्या कोणत्याही वर्गात ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध देऊन बघा. निम्म्या वह्यांत तरी कुत्रा येईल. त्याचं नाव मोती असेल. त्याला चार पाय, दोन डोळे आणि एक शेपटी असेल. तो इमानी असेल आणि रात्री घराची राखण करत असेल. मीही इतकी वर्षं हे निबंध तपासले, ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि खाली लाल पेनाने ‘छान’ लिहिलं.

चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाने असाच छान निबंध लिहिला होता. पुढे पंधरा दिवसांनी खेळाच्या तासाला त्याचा मोजा खाली घसरला आणि पोटरीवर दातांच्या खुणा दिसल्या. चार दिवसांपूर्वी शाळेच्या वाटेवर कुत्रं चावलं होतं. कुत्रं भुंकलं, हा घाबरून पळाला, ते मागे लागलं. घरी सांगितलं तर मार बसेल म्हणून पोराने गुपचूप जखमेत हळद भरली आणि मोजा वर ओढून घेतला. मुख्याध्यापकांनी लगेच गाडी काढली, वडिलांना बोलावून घेतलं, आरोग्य केंद्रात इंजेक्शनं सुरू झाली आणि ती सगळी वेळेवर पूर्णही झाली. मुलगा आज सातवीत आहे, ठणठणीत आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कुत्र्यावर दहा ओळी मी त्याच्याकडून लिहून घेतल्या होत्या. कुत्रं समोर आलं तर काय करायचं, याची एक ओळही शिकवली नव्हती.

शिकवणार कुठून? मलाच कुठे येत होतं! मी स्वतः लहानपणापासून कुत्र्याला घाबरणारी. रस्त्यात कुत्रं दिसलं की पलीकडच्या बाजूने जाणारी. मला जे काही कळलं ते सुट्ट्यांमुळे.

आम्ही दोघंही शिक्षक. मुलगी आता आठ वर्षांची आहे. सुट्टीत कुठे जायचं म्हटलं की लॉजचं भाडं परवडत नाही. तीन वर्षांपूर्वी मिस्टरांच्या ओळखीतले पुण्याचे काका-काकू मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाले. कोथरूडचं घर दीड महिना बंद राहणार, झाडांना पाणी कोण घालणार आणि मुख्य म्हणजे ब्रूनोकडे कोण बघणार? ब्रूनो म्हणजे त्यांचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर. काकू म्हणाल्या, “तुम्ही मे महिन्यात येऊन राहा. घर तुमचंच समजा. फक्त त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवायचं.” फुकट राहायला मिळतंय म्हणून मी हो म्हटलं, पण पोटात गोळा आला होता. तिथून एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि आता दर दिवाळीत आणि मे महिन्यात आम्ही कुणाचं ना कुणाचं घर सांभाळायला जातो. नाशिकला गेलो, कोल्हापूरला गेलो, गोव्यात फोंड्याला गेलो. प्रत्येक ठिकाणी गाव वेगळं, कुत्रं वेगळं, पण काम एकच, रोजचं फिरवणं. या फिरण्यात मी जे शिकले ते डी.एड.च्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

पहिली गोष्ट वेळेची. कुत्र्याला रविवार कळत नाही. सकाळी पावणेसहाला ब्रूनो पट्टा तोंडात धरून पलंगापाशी उभा. मे महिन्यात सात-साडेसातनंतर डांबरी रस्ता तापायला लागतो, आणि त्याच्या पायात काही चप्पल नसते. काकूंनी एक युक्ती सांगितली होती. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून धरायची. आपल्याला चटका बसला तर त्याला न्यायचं नाही. माझी मुलगी रोज हात टेकवून मोठ्याने आकडे मोजायची. दुसऱ्या जिवाच्या जागी स्वतःला ठेवून बघणं म्हणजे काय, हे तिला सात आकड्यांत कळलं.

दुसरी गोष्ट हुंगण्याची. वेताळ टेकडीवर जाताना ब्रूनो दर दहा पावलांवर थांबायचा. एकेका झुडपाला मिनिट-मिनिटभर हुंगत बसायचा. मी पट्टा ओढायचे, “अरे चल की!” फोनवर काकूंकडे तक्रार केली तर त्या हसल्या. “ओढू नकोस गं त्याला. तो पेपर वाचतोय.” कोण येऊन गेलं, कधी गेलं, हे सगळं कुत्र्याला वासातून कळतं. आपल्याला ते पाय मोकळे करणं वाटतं, त्याच्यासाठी तो अभ्यास असतो. खरं सांगते, त्या दिवशी मला माझा वर्ग आठवला. मुंग्यांची रांग बघत बसलेल्या पोराला ‘चला, पाठ पूर्ण करायचाय’ म्हणून मी कितीदा ओढलं असेल!

तिसरी गोष्ट शेपटीची. ‘कुत्रा आनंद झाला की शेपटी हलवतो’ हे वाक्य आपण सगळेच शिकवतो. कोल्हापूरला आमच्याकडे चिंगी नावाची गावठी कुत्री होती. रंकाळ्यावर दुसरं कुत्रं दिसलं की तिची शेपटी ताठ उभी राहून भराभर हलायची आणि पुढच्या क्षणी ती गुरगुरायची. शेपटी हलते म्हणजे कुत्रं कशाने तरी चेतलंय, एवढंच. ते खूश आहे की रागात, हे सगळं अंग बघून ठरवायचं. अंग सैल असेल तर ठीक. अंग ताठ, नजर रोखलेली, पाठीवरचे केस उभे असतील तर लांब राहायचं. आणि कुत्रं तोंड फिरवत असेल, सारखं ओठ चाटत असेल, झोप नसताना जांभया देत असेल, शेपटी पायात घेत असेल तर ते आपल्याला सांगतंय, ‘मला नकोय, जरा दूर व्हा.’ आपली मुलं नेमकी तेव्हाच जवळ जातात.

चौथी गोष्ट माणसांची, म्हणजे आपली. पट्ट्याला कुत्रं धरून चाललं की समोरून येणारे पालक दोनच गोष्टी करताना दिसतात. एक तर “पळ, चावेल!” म्हणून मुलाला खसकन ओढतात. नाहीतर “बघ, भूभू! कर त्याला शेकहॅंड,” म्हणून मूल थेट कुत्र्याच्या तोंडाशी नेतात. दोन्ही चूकच. पळणाऱ्याच्या मागे लागणं कुत्र्याच्या रक्तात असतं आणि अनोळखी हात अचानक डोक्यावर आला की तेही घाबरतं. त्यात जेवताना ‘भूभू येईल हं’ ही धमकी आपणच देतो. मग मूल कुत्र्याला घाबरतं, घाबरलेलं मूल दगड मारतं आणि दगड खाल्लेलं कुत्रं पुढच्या मुलावर धावतं. तीन वर्षांत एकच मुलगा असा भेटला, नाशिकला. पाच पावलांवर थांबून त्याने विचारलं, “मावशी, हात लावला तर चालेल का तिला?” त्याच्या आईवडिलांना भेटून नमस्कार करावासा वाटला.

पाचवी गोष्ट लिहायला जरा संकोच वाटतो, पण लिहिते. कुत्र्याची शी उचलणं. पहिल्या दिवशी मी इकडेतिकडे बघितलं आणि तशीच निघाले. मुलगी म्हणाली, “आई, तू तर वर्गात स्वच्छतेची शपथ घेतेस ना?” दुसऱ्या दिवसापासून जुने पेपर आणि पिशवी बरोबर. नागरिकशास्त्राचा याहून चांगला पाठ माझ्या टाचणात नाही.

हे सगळं घेऊन मी वर्गात परत आले आणि निबंध बदलला. आता मी ‘माझा आवडता प्राणी’ लगेच लिहून घेत नाही. आधी परिसर अभ्यासाच्या तासाला सांगते, आपल्या गल्लीतलं एक कुत्रं निवडा, आठवडाभर लांबूनच बघा आणि दिसलं तेवढंच पाच वाक्यांत लिहा. हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, पाठलाग करायचा नाही. आलेली वाक्यं वाचून मी थक्क झाले. एका मुलीने लिहिलं होतं, “काळं कुत्रं सकाळी उन्हात आणि दुपारी सावलीत असतं.” एकाने लिहिलं, “ते दूधवाल्यावर भुंकत नाही, गॅसवाल्यावर भुंकतं.” आणखी एकाने, “त्याचा एक पाय मोडलाय म्हणून ते माझ्यासारखं शेवटी पोचतं.” यात मोती कुठेच नव्हता. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या, पण प्रत्येक वाक्य त्या मुलाचं स्वतःचं होतं.

त्याबरोबर परिपाठात ही पाच वाक्यं मी करून दाखवून घेते. तुम्हीही घ्या :

१. अनोळखी कुत्रं जवळ आलं तर पळायचं नाही. झाडासारखं स्थिर उभं राहायचं, हात अंगाशी, नजर खाली.
२. पडलोच तर अंगाची गाठोडी करायची, हातांनी मान आणि कान झाकायचे.
३. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्यापाशी जायचं नाही.
४. पाळलेलं कुत्रं असेल तर आधी मालकाला विचारायचं, मग कुत्र्याला आपला वास घेऊ द्यायचा.
५. चावलं किंवा ओरखडलं तर लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. कुणीही ओरडणार नाही.

पाचवं वाक्य मुलांपेक्षा आपल्यासाठी आहे. ‘ओरडणार नाही’ हे वचन आपण पाळायचंय. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना सगळी इंजेक्शनं पूर्ण करायची. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण लक्षणांआधी नीट उपचार झाले तर तो टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांची लस ज्याला पहिल्यांदा टोचली तो जोसेफ मायस्टर नऊ वर्षांचाच होता, म्हणजे आपल्या चौथीतल्या मुलाएवढा. पाश्चर यांचा स्मृतिदिन २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या दिवशीच्या परिपाठात ही गोष्ट जरूर सांगा.

काही पालक मला म्हणाले, “बाई, भटक्या कुत्र्यांनी उच्छाद मांडलाय आणि तुम्ही मुलांना त्यांचा लळा लावताय?” त्यांचं दुःख खोटं नाही. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही ग्रामपंचायत-नगरपालिकेची जबाबदारी आहे, ती आपण मागितलीच पाहिजे. पण ती पूर्ण होईपर्यंत मुलं रोज त्याच रस्त्याने शाळेत येणार आहेत. मी लळा लावा म्हणत नाही, ओळख करून द्या म्हणते. भीती जायला प्रेम लागतंच असं नाही, माहितीही पुरते. माझी तशीच गेली.

एक विनंती. येत्या सुट्टीत ओळखीतल्या कुणी कुत्रं पाळलं असेल तर आठवडाभर त्याला फिरवायचं काम मागून घ्या आणि मुलाला बरोबर न्या. पट्टा मोठ्यांच्याच हातात असू द्या, मुलाला नुसतं बघू द्या. मग शाळा सुरू झाल्यावर त्याला निबंध लिहू द्या. कुत्र्याचं नाव मोती नसेल, याची मला खात्री आहे.

तुमच्या वर्गातल्या मुलांनी काय काय पाहिलं, ते मला नक्की कळवा.