लातूर स्वस्त आहे, हे कुणी ठरवलं?

"भाऊ, लातूरला बदली झाली. लेकराची अकरावीबी तिथंच करावी म्हणतो. नांदेडपेक्षा स्वस्त पडंल ना?"

दहावीचा निकाल लागला की असे चार फोन येतातच. माझं उत्तर एकच: लातूर स्वस्त असल्याचं सरकार म्हणतं, लातूरचा घरमालक नाही!

केंद्राच्या यादीत नांदेड-वाघाळा 'वाय' शहर, लातूर 'झेड'. सातव्या वेतन आयोगानुसार घरभाडे भत्ता 'वाय'ला मूळ पगाराच्या २० टक्के, 'झेड'ला १०. म्हणजे मूळ पगार ४० हजार असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नांदेडात ८ हजार. लातूरला रुजू झाला की ४ हजार. कारण काय? २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाख भरलं, लातूर पाच लाखांच्या आत राहिलं. बस्स. भाडं किती, हे कुणी विचारलंच नाही. खासगी नोकरीवाल्याला तर बहुतेक वेळा तेवढाही आधार नाही.

ती डोकी मोजून दीड दशक उलटलं. आज ट्युशन एरियात जाऊन बघा. नीट-जेईईसाठी गावोगावची लेकरं येतात. जून आला की एकाच खोलीसाठी बदलीवाला कारकून अन् चार पोरांचे बाप एकाच दारात उभे. मग भाडं जनगणनेवर ठरंल का गरजेवर?

दुसरं पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला १० टाक्या, ५ लाख लिटर. ज्यानं तो उन्हाळा काढला, तो घर बघताना आधी बोअर बघतो, मग फरशी.

नांदेडकरांनीही कॉलर ताठ करू नये. गोदावरी दारात, विष्णुपुरी उशाला, तरी जारचा छोटा हत्ती आपल्याही गल्लीत फिरतोच की!

किराण्यात उन्नीस-बीस. वीज दोन्हीकडं महावितरणचीच. खरा फरक भाडं, पाणी अन् क्लासच्या फीमध्ये. सामान बांधायच्या आधी मे महिन्यात त्या गल्लीत एक चक्कर मारा अन् भाडेकरूला विचारा, मालकाला नको.

दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांना एकच सवाल: भत्ता डोकी मोजून देणार, का भाडं बघून?

लातूरकर, नांदेडकर, खाली लिहा: दोन खोल्यांचं भाडं किती अन् मे महिन्यात पाण्यावर किती गेले? यादी आपणच करू.