जळालेल्या इमारतींची मापे



आज या सदरात एका परदेशी जोडप्याची ओळख करून द्यायची आहे. आपल्या चळवळीशी त्यांचा काही संबंध आला नाही. परंतु त्यांनी जन्मभर जे काम केले ते समजून घेताना आपल्या समाजाचे कोणते काम राहून गेले आहे, हे मला स्पष्ट दिसले. म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यू लोकांच्या प्रार्थनास्थळाला सिनेगॉग म्हणतात. पुण्याच्या लष्कर भागातले 'लाल देऊळ' आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते सिनेगॉगच आहे. मुंबईत मांडवीला बेने इस्राएल लोकांचे १७९६ सालचे सिनेगॉग आहे. हे बेने इस्राएल म्हणजे आपल्याच कोकणातले, मराठी बोलणारे, तेलाचा घाणा चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. सिनेगॉग हा शब्द म्हणून आपल्याला फार परका नाही. आजची गोष्ट मात्र पोलंड देशातली आहे.

पोलंडमध्ये ज्यू समाज शेकडो वर्षे राहत होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेथे सुमारे ३३ लाख ज्यू होते. लहान लहान गावांतून त्यांनी लाकडी सिनेगॉग बांधले होते. सतराव्या-अठराव्या शतकातील या इमारती म्हणजे सुतारकामाचा मोठा नमुना. बाहेरून पाहिले तर एकावर एक चढत जाणारी उतरती छपरे. आत गेले की चार पायऱ्या खाली उतरायचे, आणि वर पाहिले तर लाकडी घुमट. हा घुमट छपराच्या कैच्यांना आतून टांगलेला असे. भिंतींवर आणि घुमटावर सिंह, हरीण, पक्षी, फुले, बारा राशी आणि हिब्रू प्रार्थना रंगवलेल्या असत. स्त्रियांना बसण्यासाठी बाजूला वेगळी खोली असे. हे सारे कोणा राजाने बांधलेले नव्हते. गावातल्या शिंप्याने, दुकानदाराने, गाडीवाल्याने पैसे दिले आणि सुतारांनी उभे केले.

१९२० नंतरच्या काळात वॉर्सा येथील पॉलिटेक्निकमध्ये ऑस्कर सोस्नोव्स्की नावाचे प्राध्यापक होते. ते स्वतः चर्च बांधणारे वास्तुविशारद. आपल्या देशातल्या जुन्या इमारतींची मोजणी करून नोंद ठेवली पाहिजे, असे त्यांनी ठरवले. हे काम करताना त्यांनी चर्च आणि सिनेगॉग असा भेद केला नाही. सुट्टीत विद्यार्थी गावोगाव जात. टेप लावून लांबी-रुंदी घेत, शिडी लावून छपराचा सांगाडा मोजत, एक लाकूड दुसऱ्यात कसे अडकवले आहे त्याचे चित्र काढत, फोटो घेत. शिमॉन झायचिक हे ज्यू कला-इतिहासकार या कामात आघाडीवर होते. त्या वेळी पुष्कळांना वाटले असेल की या जुन्या लाकडांची मापे घेऊन काय मिळणार?

१९३९ साली हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या. वॉर्साच्या वेढ्यातच सोस्नोव्स्की मरण पावले. पुढे झायचिक यांनाही जर्मनांनी ठार मारले. पोलंडमधील सुमारे ३० लाख ज्यू स्त्री-पुरुष आणि मुले मारली गेली. माणसांबरोबर त्यांची प्रार्थनास्थळेही पेटवण्यात आली. कित्येक ठिकाणी आत माणसे कोंडून आग लावली. युद्ध संपले तेव्हा पोलंडच्या त्या भव्य लाकडी सिनेगॉगपैकी एकही उभे नव्हते. लिथुआनियात काही लहान आणि नंतरच्या काळातली तेवढी उरली.

इमारती गेल्या, पण कागद सगळे गेले नाहीत. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी वॉर्सा शहर पद्धतशीरपणे जमीनदोस्त करायला घेतले. त्याही स्थितीत पॉलिटेक्निकच्या मंडळींनी नकाशांचे गठ्ठे शहराबाहेर काढले आणि पिओत्रकुफ या गावच्या मठात लपवून ठेवले. युद्धानंतर वॉर्साचा जुना भाग पुन्हा जसाच्या तसा बांधला गेला, त्याला या लपवलेल्या नकाशांचा मोठा आधार झाला. त्या शहराचे लोक परत येणार होते. लाकडी सिनेगॉगांच्या नकाशांचे मात्र तसे नव्हते. ते कोणासाठी उघडायचे? त्या गावांत आता प्रार्थनेला येणारे कोणी उरले नव्हते.

येथे आपले जोडपे येते. मारिया आणि काझिमिएश पिएखोत्का. मारियाबाईंचा जन्म १९२० चा, काझिमिएश यांचा १९१९ चा. दोघेही वास्तुविशारद, आणि दोघेही १९४४ च्या वॉर्सा उठावात लढलेले. युद्धानंतर शहरात माणसांना राहायला जागा नव्हती. या दोघांनी पोटापाण्याचे काम म्हणून कामगार-कर्मचाऱ्यांच्या वसाहतींचे आराखडे केले. वॉर्साच्या बिएलानी भागातील वसाहतीवर त्यांचे नाव आहे. आणि त्याच्या बरोबरीने हे दुसरे काम हाती घेतले. वाचलेले नकाशे, फोटो आणि टिपणे एकत्र लावायची. कोणत्या गावचे कोणते, कोणत्या भिंतीचे माप कोणते, हे ताडून पाहायचे. तुटक मापांवरून पूर्ण आराखडा पुन्हा काढायचा.

१९५७ साली त्यांचे लाकडी सिनेगॉगांवरचे पुस्तक पोलिश भाषेत निघाले. १९५९ साली ते इंग्रजीत आले. अमेरिकेतील प्रसिद्ध चित्रकार फ्रँक स्टेला यांच्या हाती ते पुस्तक पडले, आणि १९७० नंतर त्यांनी या नष्ट झालेल्या सिनेगॉगांच्या गावांची नावे देऊन एक मोठी चित्रमालिकाच केली. पण पिएखोत्का पती-पत्नी पुस्तक काढून थांबले नाहीत. ते आणखी माहिती गोळा करतच राहिले. १९९६ मध्ये त्यांनी लाकडी सिनेगॉगांचा विषय पुन्हा नव्याने, विस्ताराने मांडला. १९९९ मध्ये दगड-विटांच्या सिनेगॉगांवरचा ग्रंथ दिला. २००४ मध्ये जुन्या गावांतील ज्यू वस्त्यांच्या रचनेवर ग्रंथ आला. पहिल्या आणि २००४ च्या या ग्रंथात ४७ वर्षांचे अंतर आहे! काझिमिएश २०१० मध्ये वारले. मारियाबाई २०२० मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून गेल्या.

आमच्या मायभगिनींना मला मुद्दाम सांगावेसे वाटते की या कामात मारियाबाईंचे नाव नवऱ्याच्या नावामागे 'सौ.' म्हणून लागलेले नाही. प्रत्येक पुस्तकावर दोघांची नावे बरोबरीने आहेत, आणि तिचे नाव आधी आहे.

या कागदी कामाचा प्रत्यक्ष उपयोग काय झाला, तेही पाहा. ग्वोझ्जेट्स नावाचे एक गाव आहे. आता ते युक्रेनमध्ये येते. तेथील रंगीत सिनेगॉग दोन महायुद्धांच्या काळात नाहीसे झाले. पण पहिल्या महायुद्धापूर्वी आलोइस ब्रायर नावाच्या एका तरुण वास्तुविशारदाने त्याची मापे आणि फोटो घेऊन ठेवले होते. काही चित्रकारांनी त्याचे रंग टिपून ठेवले होते. या आधारावर अमेरिकेतील हँड्सहाऊस स्टुडिओ या संस्थेने २०११ साली पोलंडमधील सानोक येथे त्याचे छप्पर आणि घुमट पुन्हा बांधायला घेतले. विद्यार्थी आणि कारागीर मिळून शेकडो हात लागले. यंत्राची करवत नाही. त्या काळी असत तशी कुऱ्हाड, वाकस अशी हत्यारे वापरून लाकूड घडवले. नंतर वेगवेगळ्या शहरांत शिबिरे भरवून घुमटाचे रंगकाम केले. मूळ आकाराच्या ८५ टक्के असलेले हे छप्पर आज वॉर्साच्या 'पोलिन' या ज्यू इतिहासाच्या संग्रहालयात आहे. २०१४ साली तेथील मुख्य प्रदर्शन लोकांसाठी खुले झाले, तेव्हा मारियाबाई ९४ वर्षांच्या होत्या.

त्या घुमटाखाली आज पाहुणे येतात, शाळेची मुले येतात. गावातली माणसे येत नाहीत. कितीही हुबेहूब घुमट केला तरी मारली गेलेली माणसे परत येत नाहीत, हे विसरून चालणार नाही. पण मारणाऱ्यांचा डाव नुसता माणसे मारण्याचा नव्हता. ही माणसे येथे कधी होती याची खूणही राहू नये असा होता. तो डाव टेप, पेन्सिल आणि कागदाने हाणून पाडला.

आपल्या धम्माचा इतिहास तरी वेगळा कोठे आहे? आंध्रातील अमरावतीचा महास्तूप लोकांनी दगडांसाठी खणला. संगमरवरासारखे कोरीव दगड भट्टीत घालून त्यांचा चुना केला. १८१६ नंतर कर्नल कॉलिन मॅकेन्झी यांनी आपल्या माणसांकडून तेथील शिल्पांची मोजून-मापून चित्रे काढून घेतली. त्यातले कित्येक दगड पुढे नाहीसे झाले. ते कसे होते हे आज लंडनला जपलेल्या त्या चित्रांवरून कळते. मॅकेन्झी काही बौद्ध नव्हते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या वस्तीत गिरणी कामगारांनी वर्गणी काढून बांधलेले एक बुद्धविहार होते. विटांच्या भिंती, वर पत्रे, दारात तीन पायऱ्या. पायऱ्यांच्या फरशीवर वर्गणीदारांची नावे कोरलेली. पुनर्विकासात ते पाडायचे ठरले तेव्हा मंडळाचा चिटणीस मीच होतो. संमतीच्या कागदावर सही माझी आहे. नवे सभागृह मिळणार या आनंदात आम्ही पेढे वाटले. एक फोटो घ्यावा, चार मापे घ्यावीत, फरशी उचलून ठेवावी, हे कोणाच्याच डोक्यात आले नाही. पुढे स्मरणिका काढायची वेळ आली, तेव्हा विहाराचे दार पूर्वेला होते की उत्तरेला, यावर दोन वृद्धांची जुंपली. दोघांपैकी खरे कोण, हे सांगणारा एकही कागद आमच्याकडे नव्हता. त्याच बैठकीत एक आजी मला म्हणाल्या, "बाळा, माझ्या मालकाचं नाव होतं पायरीवर. ती पायरी कुठं ठेवली रं?" मी गप्प बसलो. आजही त्या आजी दिसल्या की मी नजर चुकवतो.

मी हिशेबाच्या टेबलावर बसणारा माणूस. व्हाउचर नसेल तर ऑडिटर खर्च मान्य करत नाही. इतिहासाचेही तसेच आहे. पोलंडमध्ये माणसे गेली, इमारती गेल्या, पण कागद राहिले. आपल्याकडे माणसे आहेत, इमारती रोज पडत आहेत, आणि कागदच नाहीत. बाबासाहेबांनी आपल्याला ग्रंथांचे मोल शिकवले. राजगृह त्यांनी ग्रंथांसाठी बांधले. अशा महामानवाच्या अनुयायांनी आपल्या विहारांची, समाजमंदिरांची, वसतिगृहांची साधी नोंदही ठेवू नये, ही शरमेची बाब आहे.

आमच्या शेजारच्या वस्तीतले जुने समाजमंदिर आता पाडायचे आहे. या वेळी आम्ही आधी पाच रविवार मागून घेतले आहेत. दोन मुले आणि एक मुलगी टेप धरतात; डिप्लोमाला शिकणारा एक मुलगा आराखडा काढतो. प्रत्येक भिंत, दार, खिडकी, छपराचा उतार मोजला जातो. कोरलेल्या नावांचे फोटो घेऊन यादी होते. म्हाताऱ्या माणसांना तेथेच बसवून आठवणी लिहून घेतो, खाली तारीख आणि सांगणाऱ्याची सही घेतो. सगळ्याच्या तीन प्रती करायच्या आणि तीन वेगळ्या घरांत ठेवायच्या. एक गठ्ठा जळाला तरी दुसरा राहावा.

खर्च म्हणाल तर टेप, वह्या आणि झेरॉक्स एवढाच. तो वर्गणीतून सहज निघतो. आपल्या वस्तीतले विहार आज उभे असेल तर येत्या रविवारी टेप घेऊन जा, आणि पायरीवरच्या नावांपासून सुरुवात करा.

जयभीम, जय भारत!